शंभर टक्क्यांचं नवरात्र

ऑक्टोबर आला की जर्मनीतल्या आमच्या कायझर्सलाउटर्नच्या फुटपाथवर चेस्टनट पडायला लागतात. टपोरे, तपकिरी, तेल लावून पुसल्यासारखे. रस्त्याकडेचे हे चेस्टनट खायचे नसतात, हे पहिल्या वर्षी शेजारणीने मला सांगितलं खरं; पण तोवर मी पिशवीभर गोळा करून, धुऊन, कुकरला लावायच्या तयारीत होते. दुकानांत फेडरवाइसरच्या बाटल्या येतात. ही अजून आंबत असलेली ताजी वाइन, म्हणून तिचं झाकण सैलच असतं. दरवर्षी कुणीतरी नवखा ती पिशवीत आडवी ठेवून बसमध्ये चढतो आणि सगळ्या बसची करमणूक करतो. मग एका सकाळी हायत्सुंग, म्हणजे घर उबदार ठेवणारी यंत्रणा, सुरू होते. उन्हाळाभर खिडकीखालच्या त्या लोखंडी पट्ट्यांवर बसलेली धूळ तापते आणि तिचा कोरडा, करपट वास घरभर पसरतो.

तो वास आला की माझी बोटं आपसूक कीबोर्डवर जातात. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. टास्क मॅनेजर उघडतो. तो काही विकत आणावा लागत नाही, संगणकाच्या पोटात पहिल्यापासून असतोच. बहुतेकांना तो फक्त काहीतरी अडकल्यावर आठवतो. कोण किती प्रोसेसर वापरतंय, कोण किती मेमरी अडवून बसलंय, डिस्कवर कुणाची ये-जा चालू आहे, सगळं तो सांगतो. मला आता त्यात बघायचं काहीच नसतं. तरी मी थोडा वेळ तो आलेख सरकताना बघते, आणि एका नवरात्राचे दिवस डोळ्यांसमोर येतात.

त्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी होते. पुण्याला मेकॅनिकल केलं होतं, चाकणला नोकरीही केली होती. मग निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात काम मिळालं. आम्ही जर्मनीत आलो, मीरा झाली, भाषेचे वर्ग झाले, किंडरगार्टन झालं, आणि मी मधल्या मध्ये कुठेतरी इंजिनिअर असायची थांबले. कधी थांबले तो दिवस मला सांगता येणार नाही. मग एकदा उठून इथल्या तांत्रिक विद्यापीठात मास्टर्सला अर्ज केला आणि प्रवेश मिळाला. पहिल्या दिवशी वर्गातल्या पोरांना मी प्राध्यापकांची सहायक वाटले होते. एकाने मला प्रोजेक्टर सुरू करायला सांगितलं. मी करून दिला आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले.

सगळे विषय सुटले, उरला प्रबंध. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या बॅटऱ्या तापतात. त्यांच्यामधून हवा कशी खेळवली की त्या थंड राहतील, याचं गणित. एकदा मीराच्या आजारपणात मी मुदत वाढवून घेतली होती. दुसऱ्यांदा ती मिळणार नव्हती. अबगाबे, म्हणजे प्रबंध दाखल करायची तारीख, आता दगडावरची रेघ होती, आणि माझं शेवटचं मोठं गणित, संगणकावर सलग कित्येक दिवस चालणारं, अजून व्हायचं होतं. ते नाही तर प्रबंध नाही, प्रबंध नाही तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर मी आयुष्यभर सगळ्या समारंभांत 'ही पूर्वी इंजिनिअर होती' अशी ओळख करून दिली जाणारी बाई. ते मला नको होतं. मला ते इतकं नको होतं, की त्या विचारानेच माझ्या हाताच्या मुठी वळत.

संस्थेतल्या मोठ्या यंत्रावर रांग लागलेली होती, आणि माझ्या सॉफ्टवेअरचा विद्यार्थी-परवाना घरच्या जुन्या लॅपटॉपलाच बांधलेला होता. निखिल आठवडाभर नेकारसुल्मला असे आणि शुक्रवारी घरी येई. फोनवर म्हणाला, "अगं, नवीन घेऊ या ना. हे खेचर काय पळणार?"

"पळवते," मी म्हटलं.

नाचता येईना अंगण वाकडे, असं म्हणायची सोय मला ठेवायचीच नव्हती. त्याच दिवशी टास्क मॅनेजर उघडून बसले. गणित सुरूही केलेलं नव्हतं आणि तरी मेमरी निम्म्याच्या वर भरलेली! असतील शिते तर जमतील भुते. कधीच देऊन टाकलेल्या प्रिंटरचा मदतनीस रोज सकाळी इमानेइतबारे उठून त्या प्रिंटरची वाट बघत होता. निखिलचं कर भरायचं सॉफ्टवेअर, मीराचे खेळ, कुठलासा हवामानाचा अंदाज, तोही आम्ही सोडलेल्या गावाचा. आपल्या घरांत रिकाम्या डब्या आणि पिशव्या 'असू दे, लागेल' म्हणून साठतात, तसंच हे सगळं साठलं होतं. मी दिवाळीच्या साफसफाईला बसावं तशी पदर खोचून बसले आणि एकेकाला बाहेर काढलं. डिस्क कोण खरवडतंय ते कळेना, तेव्हा रिसोर्स मॉनिटर उघडून एकेक फाइलचं नाव वाचलं.

एका ओळीवर मात्र हात थांबला. व्हिडिओ कॉलचा एक जुना प्रोग्राम होता. साताऱ्याहून माझे बाबा त्याच्यावर बोलायचे. त्यांना वेळेचा फरक शेवटपर्यंत जमला नाही, म्हणून मी तो संगणक उघडताच सुरू होईल असा लावून ठेवला होता. कधीही फोन आला तरी चुकायला नको. बाबा गेले, आणि तरी तो रोज उठत होता, मेमरीतला आपला वाटा घेऊन कोपऱ्यात बसत होता. मी त्याच्यावर क्लिक केलं आणि 'बंद' निवडलं. मग खूप रडले. मग चहा केला आणि पुढच्या ओळीकडे वळले.

सासूबाई त्याच सुमारास वर्षअखेरपर्यंत राहायला पुण्याहून आल्या. मीरा आणि घर त्या बघतील आणि मला वेळ मिळेल, असं ठरलं होतं. आई पोस्टातून निवृत्त झालेल्या, आयुष्यभर काउंटरवर बसलेल्या. रांगेत कोण पुढे घुसतंय हे त्यांना न बघताही कळतं. टास्क मॅनेजर त्यांना फार आवडला. स्वयंपाक झाला की त्या माझ्यामागे खुर्ची ओढून बसत. एकदा चष्मा सावरून म्हणाल्या, "अगं अनघा, हा कोण? सिस्टीम आयडल प्रोसेस? नव्वदच्या वर एकटाच खातोय! काढ त्याला आधी."

"आजी, दास इस्ट निष्ट्स," मीरा पलंगावरून ओरडली. "गार निष्ट्स!"

मीराला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. मी आईंना समजावलं, की मीरा म्हणते ते खरं, हा कुणीच नाही. प्रोसेसर रिकामा असतो तो वेळ या नावावर मांडतात, एवढंच.

"म्हणजे रिकामपणालाही नाव?"

"गेनाऊ, आजी," मीरा म्हणाली. म्हणजे, अगदी बरोबर.

"आमच्या पोस्टात होता असा एक. मस्टरवर रोज हजर आणि कामाच्या नावाने बोंब."

आम्ही तिघी खूप हसलो. नंतर भांडी पुसताना मात्र ते माझ्या मनातून जाईना. इतकी वर्षं इथल्या प्रत्येक फॉर्मवर बेरूफ, म्हणजे व्यवसाय, या रकान्यात मी 'हाउसफ्राउ', म्हणजे गृहिणी, लिहीत आले. माझ्या बाबतीत त्या यादीचं नेमकं उलटं झालं होतं. दिवसभर मी पुरती वापरली जात होते आणि नाव मात्र रिकामपणाचं लागलं होतं. तक्रार नाही. मीराला मी आवडीने वाढवलं, आणि ती वर्षं पुन्हा दिली तर पुन्हा तशीच घालवीन. पण माझ्यात अजून किती शिल्लक आहे, हे मला एकदा बघायचं होतं.

गणित सुरू झालं आणि आलेख शंभरावर जाऊन चिकटला. आधी मला धडकी भरली, नंतर त्या सपाट रेघेचा आधार वाटायला लागला. पोळ्या करताना मी मधेच जाऊन बघून यायचे. पंख्याचा एकसुरी आवाज घरात मुरला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आईंनी घट बसवला होता. माती बागकामाच्या दुकानातली, गहू तुर्की दुकानातले, आणि ऊब हायत्सुंगची. अंकुर पुण्यापेक्षा लवकर वर आले, तेव्हा आई त्या रेडिएटरकडे पहिल्यांदाच आदराने बघताना दिसल्या. एरवी त्यांचं इथल्या हवेशी उभं वैर. सकाळी लुफ्टन करायचं, म्हणजे कितीही थंडी असो, खिडक्या सताड उघडून घरातली हवा बदलायची, हा इथला रिवाज त्यांना शुद्ध वेडेपणा वाटे. मी उघडलेली खिडकी त्या पाठोपाठ येऊन लावत. संध्याकाळी आरती व्हायची. तिच्या टाळ्यांत, पंख्याच्या घरघरीत आणि मीराच्या जर्मन गृहपाठात ते नवरात्र पुढे सरकत होतं.

आठव्या माळेला आई म्हणाल्या, "उद्या खंडेनवमी. तुझं यंत्र पूजेला हवं."

"देते की. पण ते बंद नाही करता येणार, आई."

"अगं, त्या दिवशी हत्याराला विसावा द्यायचा असतो. तुझे सासरे पान्हे-हातोड्या सगळं पुसून मांडायचे आणि दसऱ्यापर्यंत भिंतीत खिळासुद्धा ठोकायचे नाहीत."

"त्यांच्या हातोडीला अबगाबे नव्हती."

 आई हळूच म्हणाल्या, "एवढा जीव काढून काय करायचंय गं आता? निखिलचं चाललंय ना सगळं व्यवस्थित?"

त्या हे मायेनेच बोलल्या होत्या, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "त्याचं चाललंय, आई," मी म्हटलं. "मला माझं चालवायचंय."

शेवटी तोडगा निघाला. गणित चालू असतानाच पूजा करायची. आईंची अट एकच: एकदा पूजा मांडली, की दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत यंत्र जागचं हलवायचं नाही. मी कबूल झाले. तसंही त्याला हलवायची मला गरजच काय होती?

खंडेनवमीला सकाळी मी विद्यापीठात माझ्या मार्गदर्शक बाईंना भेटायला गेले. तारखेबद्दल विचारलं तर त्यांनी आधीच नकारार्थी मान हलवली. त्यांच्या हातात काही नव्हतं. दुपारी घरी आले तर टेबल ओळखू येईना. आईंनी लॅपटॉपखाली आपला जरीचा शेला चौघडी करून अंथरला होता. उघड्या लाकडावर पूजेची वस्तू ठेवत नाहीत म्हणून. पडद्याच्या कडेला हळद-कुंकवाची बोटं, शेजारी फुलांच्या दुकानातली पिवळी शेवंती, मीराची कंपासपेटी, निखिलचा स्क्रूड्रायव्हरचा संच. घरातली सगळी हत्यारं एका रांगेत बसली होती, आणि मधोमध माझं. माझ्या कामाला या घरात इतका मान पहिल्यांदाच मिळत होता.  मी वाकून नमस्कार केला आणि कामाला बसले.

गणित रांगत होतं. सकाळपासून जेवढं व्हायला हवं होतं, त्याच्या निम्मंही झालं नव्हतं. याच चालीने गेलं तर ते तारीख उलटून गेल्यावर संपणार होतं.  टास्क मॅनेजर बघितला तर शंभराची रेघ पार खाली बसलेली. कोण खातंय? मेमरी ठीक. डिस्क शांत. व्हायरस शोधणारा प्रोग्राम झोपलेला. यादीत माझ्या गणिताशिवाय कुणीच नव्हतं, आणि तरी ते उपाशी! सगळं बंद करून पुन्हा सुरू करावं असं फार वाटलं, पण तसं केलं असतं तर मधली मेहनत गेली असती. मी हात मांडीखाली दाबून बसले आणि पहिल्यापासून एकेक आकडा वाचायला लागले. आलेखाखाली प्रोसेसरच्या वेगाचा एक आकडा असतो. माझी नजर रोज त्याच्यावरून घसरून जाई. तो त्याच्या नेहमीच्या वेगाच्या पाव हिश्श्यावर आला होता. यंत्र फार तापलं की स्वतःला वाचवायला असंच हळू होतं.

मी लॅपटॉपच्या कडेला हात लावला. तवा होता नुसता. शेल्याच्या मऊ घडीत खालची सगळी भोकं बुजली होती. हवा कशी खेळवायची यावर मी जाडजूड प्रबंध लिहीत होते, आणि माझ्या नाकासमोर, माझ्याच टेबलावर हे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मी दोन्ही हातांनी लॅपटॉप उचलायला गेले.

"अनघा," आई दारातून म्हणाल्या. "हलवायचं नाही, ठरलंय आपलं."

"आई, त्याला खालून हवा लागते. शेल्याने त्याचा श्वास कोंडलाय."

"बंद पडेल?"

"बंद नाही पडणार. पण इतकं हळू चालेल की तारीख निघून जाईल."

"आणि निघून गेली तर?"

"तर मी नापास. पुन्हा मुदत नाही, सकाळीच सांगितलंय त्यांनी." मी लॅपटॉपवरचे हात काढले नव्हते. "मी उचलणार आहे, आई. तुमचा रुसवा मी नंतर काढीन, पण हे मी उचलणार."

आई जवळ आल्या. चष्मा वर-खाली करत त्यांनी पडद्याकडे बघितलं. इतके दिवस माझ्यामागे बसून ती रेघ कुठे असायला हवी, हे त्यांना पाठ झालं होतं. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि नैवेद्याच्या चार स्टीलच्या वाट्या घेऊन आल्या.

"हलवायचं नाही म्हणजे आसनावरून काढायचं नाही," त्या म्हणाल्या. "आसन उंच केलं तर मानच वाढतो. धर तिकडून."

"असं कुठे लिहिलंय?"

"नसेल लिहिलं तर तू लिही. नाहीतरी तुझं लिखाण चालूच आहे. धर!"

लॅपटॉपच्या चार कोपऱ्यांखाली, शेल्यावरच, चार वाट्या पालथ्या गेल्या. एक हळदीचं बोट पुसलं गेलं, ते आईंनी पुन्हा उमटवलं. मग त्या खिडकीशी गेल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ती सताड उघडली. बाहेरची ओली, जंगलाच्या अंगाने येणारी थंडी आत घुसली. मी हायत्सुंग बंद केली. वेगाचा आकडा आधी हललाच नाही. पी हळद आणि हो गोरी, असं यंत्राच्या बाबतीतही होत नाही. आम्ही दोघी उभ्याच. मग तो किंचित चढला, थांबला, पुन्हा चढला, आणि ती रेघ टप्प्याटप्प्याने आपल्या जागी जाऊन बसली. आईंनी हात जोडले. देवीला की टास्क मॅनेजरला, मी विचारलं नाही.

मीरा शाळेतून आली तेव्हा आम्ही दोघी जॅकेटं घालून खोलीत बसलो होतो. "वारुम इस्ट एस हिअर सो काल्ट?" इथे एवढी थंडी का, असं तिने दारातूनच विचारलं.

"यंत्राला ताप आलाय," आजीने मराठीत उत्तर दिलं. "बूट काढ, जॅकेट नको काढूस."

दसऱ्याला निखिल घरी होता. श्रीखंडाला वाट्या सापडेनात म्हणून त्याने घर शोधलं, आणि शेवटी टेबलाशी येऊन हात टेकले. त्या सणाला आम्ही सगळ्यांनी ताटातच श्रीखंड घेतलं, पुरीने निपटून. उत्तरपूजा झाली, शेला घडी होऊन पेटीत गेला, पण वाट्यांना मी हात लावू दिला नाही. खिडकीही उघडीच राहिली. त्या काही दिवसांत आम्हाला सगळ्यांना सर्दी झाली आणि कुणीही तक्रार केली नाही.

एका सकाळी मी मीराचा डबा भरत होते आणि घर एकदम शांत झालं. पंखा थांबला होता. धावत जाऊन बघितलं तर आलेख जमिनीला टेकलेला. क्षणभर वाटलं, गेलं सगळं. मग पडद्यावरचे आकडे वाचले. गणित पूर्ण झालं होतं आणि आकडे जुळत होते. मी खुर्चीत बसले आणि ते पहिल्यापासून पुन्हा एकदा वाचले.  पुढचं लिखाण मी बसून, हट्टाने, वेळेत संपवलं.

आता मागे वळून बघताना वाटतं, की त्या ऋतूत मला कुणी शहाणपणाचा उपदेश केला असता तर मी ऐकला नसता. मला उपदेश नको होता, खरा आकडा हवा होता. टास्क मॅनेजर कुठलंच काम वेगाने करून देत नाही. काय चाललंय तेवढं दाखवतो आणि बाजूला होतो. कुणाला बंद करायचं, कुणाला राहू द्यायचं आणि कुणाच्या विरोधात उभं राहायचं, हे आपल्यालाच ठरवावं लागतं. मी ठरवलं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी प्रबंधाचं कोलोक्वियुम होतं, सगळ्यांसमोर उभं राहून उत्तरं द्यायची ती परीक्षा. बाहेर दाट धुकं. आई येणारच म्हणाल्या. नारायणपेठ, खाली लोकरीचे मोजे आणि वर निखिलचं जॅकेट, अशा त्या पहिल्या रांगेत बसल्या. एक अक्षर कळत नव्हतं, पण प्रत्येक प्रश्नाला विचारणाऱ्याकडे अशा रोखून बघत होत्या, की एका प्राध्यापकांनी आपला प्रश्न मधेच आवरता घेतला. मग आम्हाला बाहेर पाठवलं, पुन्हा आत बोलावलं. मी पास झाले होते. बाजूच्या गावातल्या एका लहान कंपनीने निकालापर्यंत थांबायची तयारी दाखवली होती. मी कॉरिडॉरमधूनच त्यांना फोन केला. जानेवारीत रुजू व्हा, म्हणाले.

आई कॉफीचा कागदी कप दोन्ही हातांत धरून खिडकीशी उभ्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. 

"म्हणजे जानेवारीपासून घरी कोण असणार?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही, आई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घेतली नाही.

"बरं," त्या म्हणाल्या आणि जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. "मग मीराला एक किल्ली करून दे. इथली दारं नुसती ओढली तरी लागतात."